तोंड शेवटी कोरायचं

१

कारखान्यात वेळ सांगायला कुणी ठेवलेलं नव्हतं. ते काम गल्ली फुकटात करायची. सकाळी गोड सोया-दह्याची बाई, तौफावाली, ओरडत गेली की बायका धारेच्या दगडावर सुऱ्या घासायला बसत. फुटकी भांडी सांधणारा येऊन गेला की निम्मी सकाळ संपली. आणि दुपारच्या भातानंतर डोळे मिटायला लागले की शेंगदाणा तेलवाल्या चुंगची आरोळी यायची. लांबलचक, नाकातून निघालेली, शेवटाला वर उचललेली. ती आली की सगळ्याजणी एक जांभई देत आणि पुन्हा ठोकळ्यावर वाकत.

दक्षिण चीनमधल्या फोशान गावात लाकडी ठसे कोरणारे कारखाने पुष्कळ होते, पण लोक नावाच्या मुकादमाच्या या कारखान्यात फक्त बायका कोरायच्या. बहुतेकजणी शेजारच्या शुंड परगण्यातल्या खेड्यांतल्या. लग्नाला नकार देऊन, देवापुढे स्वतःच स्वतःचे केस वर बांधून आलेल्या. नासपतीच्या लाकडावर चित्राचा पातळ कागद उलटा चिकटवायचा, वाळला की ओल्या बोटाने मागचा कागद चोळून काढायचा, तेलाचा हात फिरवायचा. मग लाकडावर उरतात त्या नुसत्या रेषा. रेषा ठेवायच्या, बाकी सगळं काढून टाकायचं. मूळ चित्र त्यात संपतं. लाकडात जातं, परत येत नाही.

कपडे, टोपल्या, कावडी, पाय हे सगळं इतरजणी करायच्या. चेहरा सौ-हिंग करायची. चेहऱ्यातही डोळे आधी, तोंड शेवटी. ही त्या कारखान्याची जुनी रीत होती. चाळिशीला आलेली, बारीक अंगाची, तोंडाने तिखट अशी ही बाई खिडकीशी बसायची, कारण चेहऱ्याला उजेड लागतो.

त्या दुपारी तिची मान आखडली म्हणून तिने डोकं वर केलं. खिडकीसमोरून चुंग चालला होता. कावड करकरत होती. गवती चपला फरशीवर फटफट वाजत होत्या. चुंगचं तोंड उघडं होतं, हनुवटी वर उचललेली होती, मानेच्या शिरा टरारल्या होत्या.

आवाज नव्हता.

चुंगने श्वास घेतला, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तितकाच वेळ उघडं ठेवलं आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. कावडीची करकर मात्र वळणापलीकडूनही थोडा वेळ ऐकू येत राहिली.

२

"चुंगचा घसा बसलाय वाटतं," सौ-हिंग म्हणाली.

शेजारी सातवी ताई बसायची. भावंडांत सातवी, म्हणून नाव तेच. कपड्यांच्या चुण्या कोरण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती, आणि बोलण्यातही नव्हती.

"कुणाचा?"

"तेलवाल्याचा. आत्ता गेला. आरोळी नाही दिली."

"तो कधी देतो आरोळी?"

सौ-हिंगने सुरी खाली ठेवली. "ताई, रोज त्याच्या आरोळीवर तू जांभई देतेस."

"मी जांभई भातावर देते. दोन वाट्या खाल्ल्यावर तूही देशील, पण तू खातेस चिमणीएवढं." सातवी ताई हसली. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाली, "तो मुका नाही का गं? कावडीचा आवाज आला की बायका बाहेर येतात. नाही येत त्या दुकानातून आणतात. बिचारा वाळत चाललाय."

सौ-हिंगने आणखी दोघींना विचारलं. दोघींनी तेच सांगितलं, आणि सांगताना आठवून बघावं लागल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो का असं विचारल्यावर माणूस जसं उत्तर देईल, तसं.

आपल्याच कानांत काही झालं असेल, असं तिने ठरवलं. वीस वर्षं लाकडावर हातोडी ऐकतोय आपण, कान जाणारच. संध्याकाळी परतताना ती पुलाच्या कोपऱ्यावर म्हाताऱ्या प्वानच्या स्टुलावर जाऊन बसली. प्वान हजामती करायचा आणि कान साफ करायचा. बांबूच्या नळीत त्याच्या सळया, चमचे, पिसांचे बारीक कुंचले असायचे.

"मान तिरकी कर. बोलू नकोस," प्वान म्हणाला. बराच वेळ कोरत राहिला. "कान म्हणावेत तर असे. कारखान्याचा भुसासुद्धा नाही."

"मग मला कमी का ऐकू येतं?"

प्वानने लोखंडी चिमटा काढला, मधून सळई ओढली आणि तो झणझणता चिमटा तिच्या कानाशी धरला. दाढांपर्यंत कळ गेली.

"ऐकू आलं?"

"आलं."

"मग कमी नाही ऐकू येत. जास्त ऐकू येत असेल." तो खिदळला. "बायकांचं असतं ते एक."

"प्वानकाका, चुंग तेलवाला ओरडायचा ना?"

चिमट्याची झणझण अजून चालू होती. प्वानने तो मांडीवर दाबून बंद केला.

"मुक्याची कसली चेष्टा करतेस, पोरी," तो म्हणाला.

३

घरी आई होती. आई म्हणजे तीच, सकाळची तौफावाली. सोयाबीनच्या दुधाचं मऊ, थरथरणारं गोड दही, वर आल्याचा पाक. दोन लाकडी बादल्या, एक कावड आणि साठीला टेकलेली बाई. गल्लीत तिला हो-काकू म्हणत. तिच्या आवाजाबद्दल लोक बोलायचे, हातच्या चवीबद्दल नंतर. पुलापलीकडच्या बायका ती पुलाअलीकडे असतानाच वाट्या घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहत. नवरा गेल्यावर त्या आवाजावर तिने मुलीला वाढवलं होतं. त्या दोघींजवळ दुसरं काही नव्हतंच.

"कान ठणकतोय?" आईने विचारलं.

"नाही. आई, चुंग..."

"कोण, तो मुका?"

सौ-हिंगने विषय बदलला. रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने डोकं चालवलं. चुंगचा चेहरा तिने कोरला होता, तोंड काल सकाळीच. एका मोठ्या कामातला तो पहिलाच ठसा होता. कँटनच्या नदीकाठच्या वखारीतल्या कुणा परदेशी व्यापाऱ्याला रस्त्यावरच्या विक्रेत्यांची शंभर चित्रं हवी होती, पुस्तक करून मायदेशी न्यायला. आणि सगळे ओरडताना हवे होते. याम नावाचा चित्रकार गेला महिनाभर चहाच्या दुकानांत खिडकीशी बसून त्यांना टिपत होता. ज्यांना टिपलं त्यांना पत्ता नव्हता. चित्राखाली फक्त धंदा लिहायचा होता: तेलवाला, भांडी सांधणारा, फुलवाली. पाऊण आयुष्य एका गल्लीत घालवलेली शंभर माणसं, आणि एकाचंही नाव नाही. पार्श्वभूमी नाही, सावली नाही, पायाखाली फरशी नाही. चहूकडे कोरा कागद आणि मध्ये उघड्या तोंडाचं माणूस.

आज तिच्यापुढे भांडी सांधणारा होता. डोळे काल झाले होते. तोंड बाकी होतं.

"फुटकं सांधा, तडा सांधा," गल्लीतून आवाज आला. तो स्वतःच चालला होता, खांद्याला पेटी, हातात धनुष्याचं गिरमिट. सौ-हिंगने ऐकलं, प्रत्येक शब्द ऐकला. बाजूच्या दोघींनीही ऐकल्यासारख्या माना डोलावल्या.

मग तिने तोंड कोरलं. वेडेपणा डोक्यातून काढायचा तर तो करूनच बघायला हवा, असं तिने स्वतःला सांगितलं. वरचा ओठ, खालचा ओठ, आतली पोकळी. तीन रेषा आणि एक खड्डा. पोकळीतलं लाकूड गोल छिन्नीने उचलताना एक पातळ ढलपी निघाली आणि तिच्या मनगटावर पडली.

दुपारी तो परत फिरला. सौ-हिंग सुरी टाकून दारात गेली. तो तिच्यापासून दोन हातांवर होता. तोंड उघडत होता, मिटत होता, जिभेचं टोक वरच्या दातांना लागत होतं. सगळे शब्द तिला दिसत होते.

"आज घसा बसला का, दादा?" तिने विचारलं.

त्याने हसून तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. चांगलं लांबलचक उत्तर दिलं. मग निघून गेला. आपलं बोलणं ऐकू गेलं नाही हे त्याला कळलंच नव्हतं.

४

चूक झाली की कोरणाऱ्या बायका काय करतात? चुकलेला भाग छिन्नीने काढून टाकतात, त्या भोकात नासपतीच्या लाकडाची पाचर ठोकून बसवतात, रंधा मारतात, वाळू देतात आणि वर नव्याने कोरतात. पहिल्या वर्षी शिकवतात ती ही दुरुस्ती. नीट केली तर छापावर ओळखूसुद्धा येत नाही.

तिसऱ्या दिवशी भाताच्या सुट्टीत सौ-हिंग ठशांच्या खोलीत गेली. लांबट खोली, खिडकी नाही, छताजवळ एक झरोका. भिंतींना फळ्या, फळ्यांवर ठसे उभे लावलेले. वास तेलाचा, शाईचा. तिने चुंगचा ठसा शोधला आणि झरोक्याखाली नेला. लाकडातला चुंग उलटा होता, कावड उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर. ठशात सगळेच उलटे असतात, तिला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. तरी तिने अंगठ्याने त्याचे डोळे झाकले आणि मगच छिन्नी लावली.

तोंड निघालं. चौकोनी भोक राहिलं. तिने पाचर ठोकली, घासून सपाट केली. उद्या वाळली की मिटलेले ओठ कोरू, साधी एक रेघ. ओरडताना पकडलाय म्हणून हे झालंय ना, मग त्याला ओरडण्यातून सोडवू. तिला हा विचार फार शहाणपणाचा वाटला. ठसा जागेवर ठेवताना तिने पाचरेवर बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत झालं होतं. काम चोख होतं.

५

त्या दुपारी चुंग उशिरा आला.

कावड करकरताना आधी ऐकू आली, मग चपला. मग आणखी एक काहीतरी. धप, धप, धप. बंद दाराच्या आतून कुणी तळहाताने थापट्या माराव्यात तसं, दबलेलं. सातवी ताई चुण्या कोरत होती. तिची सुरी थांबली नाही.

"ताई, काय वाजतंय?"

"तुझं डोकं."

चुंग खिडकीपाशी थांबला. त्याने नाकाखालून हनुवटीपर्यंत घाम पुसायचा पंचा गुंडाळला होता, मागे गाठ मारून. वर डोळे होते, आणि ते कारखान्याकडे बघत नव्हते. एकेका दाराकडे बघत होते. ज्याला पत्ता विचारायचा आहे पण कुणाला विचारावं कळत नाही, अशा माणसाचे डोळे. धप, धप.

त्याने कावड टेकवली. पंचा सैल करायला हात मागे नेला. सौ-हिंगला मान फिरवायची होती, पण ती चेहरेच बघत आली होती जन्मभर. तिची मान फिरली नाही. पंचा एका बाजूने घसरला, हनुवटीपर्यंत. ओठांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती. चुंगने तो लगेच वर ओढला. पापणी लवेल एवढाच वेळ.

ती उठली, ठशांच्या खोलीत धावली. पाचर अजून ओली होती, हे तिला माहीत होतं. तरी तिने झरोक्याखाली ठसा मांडीवर घेतला आणि ओठांची एक रेघ मारली. पाचर रेघेवरच उभी चिरली. चीर वर नाकात गेली आणि खाली गळ्यात.

बाहेर थापट्या थांबल्या. ती दारात पोचली तेव्हा गल्लीत कावड होती, तेलाचे दोन डबे होते, पंचा होता. जवळपास कुणी नव्हतं. जरा वेळाने समोरच्या घरातली बाई बाहेर आली, "कुणी टाकलं हे मध्येच," असं पुटपुटली आणि पायाने डबे कडेला सरकवले.

"चुंग कुठे गेला?" सौ-हिंगने विचारलं.

"कोण चुंग?" बाई म्हणाली.

६

पुढचे चार दिवस सौ-हिंगने एकही तोंड कोरलं नाही. डोळे कोरत राहिली, पुन्हा डोळे, भुवया, कानाच्या पाळ्या. गल्लीत जरा कुठे आरोळी उठली की ती दचकायची, आणि आरोळी उठली नाही तर जास्त दचकायची. पाचव्या दिवशी लोक मुकादम तिच्या मागे येऊन उभा राहिला. जाडजूड, सदा घाईत असलेला माणूस. रोज सकाळी दारात उभं राहून तो हो-काकूकडून दोन वाट्या तौफा खायचा.

"नऊ ठसे तोंडावाचून पडलेत," तो म्हणाला. "माणसाला तोंड असतं, आठवतंय का?"

"उस्ताद, या लोकांना विचारलंय का कुणी?"

"काय विचारायचं?"

"की तुमचं चित्र काढू का म्हणून."

"चित्र काढायला कुणी विचारतं? डोंगराचं काढतो, विचारतो डोंगराला?"

"डोंगर गल्लीत फिरून पोट भरत नाही."

दोघीतिघींनी माना खाली घालून हसू दाबलं. लोकचा आवाज चढला. "हे बघ, तुझा हात चांगला आहे म्हणून तुझी जीभ मी ऐकून घेतो. तोंडं नदीच्या खालच्या अंगाच्या कारखान्यात पाठवीन. तिथला चेहरेवाला कसा कोरतो ठाऊक आहे ना? दाढीतून नाक काढतो. आणि हे घे, आणखी एक आलंय. यामने काल काढलं. तुला आवडेल."

त्याने कागद तिच्यापुढे ठेवला. दोन बादल्या. कावड. कमरेला खोचलेला पळीचा दांडा. हनुवटी वर, तोंड उघडं, आणि वरच्या जबड्यातला एक पडलेला दातसुद्धा यामने सोडला नव्हता.

"खूश हो," लोक म्हणाला. "तुझी आई समुद्रापार जाणार."

सौ-हिंग कागदाकडे बघत राहिली. ती नाही म्हणाली तर कागद त्या दुसऱ्या कारखान्यात जाईल. तिने चोरला तर याम दुसरा काढेल. बाई काय, रोजच गल्लीतून जाते. कोरल्यानंतर दुरुस्त करायचा, तर ती दुरुस्ती तिने पाहिली होती.

"सगळं मी कोरते," ती म्हणाली. "कपडे, बादल्या, सगळं. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"कोर की. आईच आहे तुझी."

७

चित्राची नक्कल करणं तिला अवघड नव्हतं. घरी, आई बादल्या घासायला नदीवर गेली असताना, तिने यामच्या कागदावर तसाच पातळ कागद ठेवला आणि बादल्या, कावड, सदऱ्याच्या चुण्या, पाय जसेच्या तसे गिरवले. चेहऱ्याची जागा कोरी ठेवली. आईचं मूळ चित्र तिने जाळलं नाही की फाडलं नाही. चुंगनंतर कशालाही धक्का लावायची तिची छाती नव्हती. बांबूच्या नळीत घालून तिने ते छपराच्या वाशामागे सरकवलं.

मग कोऱ्या जागेत तिने कुणाचाच नसलेला चेहरा काढला. आईसारखा नको, गल्लीतल्या कुणासारखा नको, देवळातल्या देवीसारखाही नको. म्हणून जिथे जिथे हात एखाद्या ओळखीच्या वळणाकडे निघाला, तिथे तिथे तिने तो मोडला. एक डोळा केसभर खाली घेतला. नाक जरा एका अंगाला. तोंडाची एक कड दुसरीपेक्षा वर. उघडं तोंड काढावंच लागलं. शंभर उघडी तोंडं हवी होती. काढून झाल्यावर तिने कागद हातभर लांब धरून पाहिला. अशी बाई तिने कधी पाहिली नव्हती. तिला हायसं वाटलं.

कारखान्यात तिने कागद उलटा चिकटवला. वाळल्यावर बोट ओलं करून मागून चोळत गेली. बादल्या उमटल्या. पाय उमटले. तेलाचा हात फिरवला आणि चेहरा वर आला.

ती त्याला ओळखत होती. रोज सकाळी केस बांधताना पितळी आरशात तोच असायचा. खालचा डोळा त्याच बाजूला, वरची ओठाची कड त्याच बाजूला. कागदावर इतरांना दिसते तशी ती होती, म्हणून तिला ओळखू आली नव्हती. आपलं तोंड माणूस उलटंच बघत आलेला असतो.

तिने सुरी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. लोक येऊन उभा राहिला.

"काय झालं? कागद फाटला? फाटला असेल तर सांग. याम इथेच आहे, चहा पितोय. बाई आत्ता येईलच, दुसरं काढून घेतो."

आणि ती आलीच. पुलावरून, वळणावरून, आधी आवाज आणि मग ती. "गरम तौफा, गोड तौफा." शेवटच्या अक्षरावर थोडं थांबून, वाट्या घेऊन येणाऱ्यांना वेळ देत. समोरची दारं उघडली. कुणीतरी म्हणालं, "काकू, आज पाक जास्त घाला." आई म्हणाली, "तुझ्या जिभेवर आधीच कमी आहे का?" हशा झाला.

"नाही फाटला," सौ-हिंग म्हणाली.

लोक गेला. तिने कोरायला घेतलं. बादल्या, कावड, चुण्या. दोन दिवस गेले त्यात. तिसऱ्या दिवशी डोळे. मग तोंड तेवढं राहिलं.

"ताई," ती म्हणाली.

"बोल."

सातवी ताई वाट बघत होती, सुरी हवेत धरून. आपण काय बोलायचं, हे सौ-हिंगने ठरवलं नव्हतं. सांगण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं काहीच शेजारी बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. आईला सांग, म्हणावं? काय सांग? वीस वर्षं एका खिडकीचा उजेड वाटून घेतला आपण, म्हणावं?

"माझी सुरी बोथट झालीय," ती म्हणाली. "तुझी दे."

सातवी ताईने दिली.

वरचा ओठ. खालचा ओठ. ती सावकाश कोरत गेली. रेघ जरा सरकली तर ओठ कुठे जाईल, ते तिला ठाऊक होतं. मग गोल छिन्नी घेतली आणि पोकळी उचलली.

सुरी परत करताना तिने "घे" म्हटलं. सातवी ताईने वर पाहिलं नाही. मग सौ-हिंगने तिच्या दंडाला बोट लावलं. सातवी ताईने वळून सुरी घेतली, दोन बोटं स्वतःच्या ओठांना टेकवून भाताची खूण केली आणि भुवया उंचावल्या. जेवायला चलतेस का? किती सहज केली खूण. वर्षानुवर्षं करत आल्यासारखी.

पहिला छाप लोकने उजेडाकडे धरून पाहिला. तो चेहरे बघत नसे, रेषा बघत असे. "चेहरा ओळखीचा वाटतो," एवढं तो म्हणाला. "या बायांचे सगळ्यांचे सारखेच." आणि चित्राखाली त्याने लिहिलं: तौफावाली.

८

संध्याकाळी घरी शेजारीण बसली होती, नवीन राहायला आलेली. आई सोयाबीन निवडत तिच्याशी बोलत होती. सौ-हिंग दारात थांबली. आईचा आवाज दोन खोल्यांच्या त्या घरात मावत नव्हता. पुलापलीकडच्या कुणाच्या सुनेची नक्कल चालली होती, आणि शेजारीण पोट धरून हसत होती.

"ही माझी लेक," आई म्हणाली. "कारखान्यात चेहरे कोरते. लांबून लांबून येतात तिच्या हाताचं काम मागायला."

"ऐकलंय मी. नमस्कार, ताई," शेजारीण म्हणाली.

सौ-हिंगने उत्तर दिलं.

शेजारीण थोडी गोंधळली, आईकडे बघायला लागली. आईने सूप खाली ठेवलं. "अगं, ती बोलत नाही. तुला कुणी सांगितलं नाही होय? जन्मली तेव्हाही रडली नव्हती. सुईणीने पाय धरून उलटी केली, थापटली, थंड पाण्याचा हबका मारला. हूं नाही की चूं नाही. सुईण म्हणाली, गेली. मी म्हटलं, डोळे उघडे आहेत, बघतेय माझ्याकडे, गेली कशी?" ती हसली. तिला सगळं आठवत होतं, सुईणीच्या सदऱ्याचा रंगसुद्धा तिने सांगितला. "तिचे बाबा म्हणाले, असू दे, आपल्या घरात एक ओरडणारी आहे, ती दोघींचं ओरडेल. तेव्हापासून ओरडतेच आहे मी."

सौ-हिंग पुढे झाली. आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली आणि सांगायला लागली. सुरुवातीपासून, चुंगपासून, एकही गोष्ट न गाळता. घसा दुखायला लागला तरी सांगत राहिली.

आईने तिच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि मायेने तिच्या गालावरचा लाकडाचा भुसा पुसला.

"भूक लागलीय," ती शेजारणीला म्हणाली. "मला बरोबर कळतं."